अडखळणारं यंत्र हवं

नौपाड्यातल्या एका छापखान्यात मी मुद्रितं तपासायला लागलो, तेव्हा तिथल्या जुन्या मुद्रितशोधकांनी मला पहिले पंधरा दिवस मजकूर उलटा वाचायला लावला होता. शेवटच्या शब्दाकडून पहिल्या शब्दाकडे. का, तर सरळ वाचताना डोळा फसवतो. ‘ठाणे महानगपालिका’ असं छापलेलं असलं तरी आपण ‘महानगरपालिका’च वाचतो आणि पुढे सरकतो. समोर काय आहे यापेक्षा काय असायला हवं ते वाचायची डोळ्याला खोडच असते, आणि मुद्रितशोधकाची निम्मी नोकरी ही खोड मोडण्यात जाते.

ते पंधरा दिवस मला परवा कळव्यात आठवले, मामांच्या औषधांच्या डब्यापाशी.

मामा ७१ वर्षांचे. बँकेत हेडकॅशिअर होते. मधुमेहाने डोळ्यांचे पडदे खराब केले. आता खिडकी कुठे आहे एवढं उजेडावरून कळतं, अक्षर दिसत नाही. ब्रेल शिकायचा प्रयत्न करून झाला. पण मधुमेह डोळ्यांवर थांबत नाही, बोटांच्या टोकांचीही जाणीव कमी करतो, आणि ब्रेलचे सहा ठिपके त्यांच्या बोटाला एकच खरबरीत डाग वाटतात. उतारवयात दृष्टी गेलेल्या कितीतरी माणसांची हीच गत असते. त्यामुळे त्यांचं वाचन म्हणजे रविवारी मी आणि बाकी सहा दिवस फोन.

तर डब्यात एक अर्धी कापलेली गोळ्यांची पट्टी निघाली. केमिस्टकडून चारच गोळ्या घेतल्या की पट्टी जशी वेडीवाकडी कापून मिळते, तशी. नावाची फक्त पहिली तीन इंग्रजी अक्षरं शिल्लक होती: जी, एल, आय. मामांनी आधी फोनमधल्या जुन्या वाचक-ॲपला पट्टी दाखवली. त्याने ‘जी एल आय’ म्हटलं आणि पुढे काहीतरी खरखरीत बडबड केली. मग त्यांनी नव्या, चित्र बघून गप्पा मारणाऱ्या एआयच्या ॲपला विचारलं. ते गोड आवाजात, शुद्ध मराठीत म्हणालं, ‘ही ग्लिमेपिराइडच्या गोळ्यांची पट्टी आहे.’

ती ग्लिक्लाझाइड होती. डॉक्टरांनी मागेच बंद केलेली, डब्याच्या तळाशी राहून गेलेली. दोन्ही गोळ्या एकाच कुळातल्या, दोन्ही साखर उतरवणाऱ्या, ग्लिपिझाइड म्हणून याच घराण्यातली तिसरीही आहे. पण एकीचा डोस एक-दोन मिलिग्रॅमचा आणि दुसरीचा तीस-साठचा. मामांनी ती घेतली नाही, कारण चालू गोळी लांबट आहे आणि ही बोटाला गोल लागली. तेवढी जाणीव बोटांत अजून आहे.

मला राग आला तो गोळी चुकल्याचा नाही. जुनं ॲप नापास झालं होतं, पण नापास झाल्याचं कळत तरी होतं. नव्या ॲपने उलटं न वाचता सरळ वाचलं, काय असायला हवं ते वाचलं, आणि आवाजात कुठेही कंप आला नाही. आमच्या छापखान्यात असं काम करणाऱ्याला आठवड्याभरात घरी बसवला असता.

अंध आणि अल्पदृष्टी माणसांसाठी वाचनयंत्रं बनवणाऱ्यांशी माझं भांडण एवढंच आहे. यंत्र किती वाचतं हे सगळे सांगतात. त्याला जे वाचता आलं नाही, ते ते कबूल करतं का, हे कुणी विचारत नाही.

गेल्या वर्षी नवी मुंबईतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांचं प्रदर्शन होतं. ओळखीतल्या एका मुलाच्या आग्रहाने मी मामांना घेऊन गेलो. ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबरच्या फलाटाकडे जायचं, ट्रान्स-हार्बर पकडायची, हा प्रवास मामांच्या दृष्टीने त्या यंत्रापेक्षा मोठा होता, पण ते असो. ‘अंधांसाठी स्मार्ट चष्मा’ नावाचे प्रकल्प दरवर्षी निघतात आणि त्यांचं आतलं सामानही ठरलेलं असतं: रास्पबेरी पाय हा पत्त्यांच्या कॅटएवढा संगणक, त्याचा छोटा कॅमेरा, अक्षर ओळखायला टेसरॅक्ट, बोलायला ईस्पीक, खिशात पॉवर बँक. वाईट काहीच नाही. यातलं पुष्कळसं फुकट आणि खुलं आहे म्हणूनच ही मुलं ते करू शकतात.

मामांना चष्मा घातला. हातात कागद दिला, पांढराशुभ्र ए-फोर, त्यावर मोठ्या टायपातला इंग्रजी परिच्छेद. मामांनी तो धरला. शांतता. मामांनी विचारलं, “मी उलटा धरलाय का?” यंत्र गप्पच. मग शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थिनीचा हात पुढे आला, तिने कागद दोन बोटं डावीकडे सरकवला, कोपरा जरा वर उचलला, आणि यंत्र घडाघडा बोलायला लागलं. टाळ्या पडल्या. आपला हात पुढे गेला हे त्या मुलीला बहुधा कळलंही नसेल. परतीच्या गाडीत घणसोली गेल्यावर मामा म्हणाले, “यंत्र बरं आहे रे. पण त्या मुलीसकट देतात का?”

थट्टा बाजूला ठेवली तर यात वाचनयंत्राचं निम्मं कोडं आलं. डोळस माणूस फोटो काढतो तेव्हा चौकट त्याला दिसत असते. अंध माणसाला कागदाची कड कॅमेऱ्यात आहे की नाही, सावली पडलीय का, कागद सुलटा आहे का, यातलं काहीच दिसत नाही. म्हणून यंत्राचं पहिलं काम वाचणं नसून कागदाला वाट दाखवणं हे आहे: ‘उजवी कड दिसत नाही’, ‘थोडं लांब’, ‘उजेड कमी’. फोनवरची चांगली ॲप्स हे करतातही. प्रकल्पातल्या चष्म्यांत मात्र याचा पत्ता नसतो, कारण प्रयोगशाळेत कागद धरणारा हात डोळस असतो.

दुसरं गणित ठिपक्यांचं. छापील अक्षर ओळखायला फोटोत इंचाला साधारण ३०० ठिपके (पिक्सेल) हवेत असं धरतात. पूर्ण ए-फोर पानाला त्या हिशेबाने सुमारे ८७ लाख ठिपके होतात. रास्पबेरी पायचा पहिला कॅमेरा ५० लाखांचा, तोही पक्क्या फोकसचा, जवळ-लांब केल्यावर आपोआप न जुळणारा. म्हणजे पानाच्या लांबीवर इंचाला सव्वादोनशेच्या आसपास. मोठ्या टायपातल्या इंग्रजीला ते पुरतं. दहा पॉइंटातल्या मराठीत मात्र अनुस्वाराच्या वाट्याला जेमतेम तीन-चार ठिपके येतात, आणि हात हलला की तेही पुसले जातात. अनुस्वार गेला की रंगाचा रग होतो, गंजाचा गज होतो.

देवनागरीचं दुखणं तिथेच संपत नाही. शिरोरेषेने सगळी अक्षरं एका दोरीला बांधलेली, वर वेलांटी-रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. आणि आपल्या मराठीत तर आचार्यांना आणि आचाऱ्यांना, दर्या आणि दऱ्या, यांत एका बारीक वळणाचा फरक. हिंदी नमुन्यांवर जास्त पोसलेलं यंत्र तो ‘ऱ्’ ओळखत नाही आणि स्वयंपाक्यांचा सत्कार गुरुजींच्या नावावर जमा करतं. ओळखलं तरी उच्चारायचं राहतंच. ‘चार’ मधला च आणि ‘चारा’ मधला च वेगळा आहे हे आपल्याकडे तीन वर्षांच्या पोराला कळतं. कितीतरी मराठी आवाजांना कळत नाही. मामा त्या आवाजाला ‘बदली होऊन आलेले साहेब’ म्हणतात.

एक उलटी गंमतही सांगतो. सरकारी मराठी पीडीएफ पुष्कळदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात केलेल्या असतात. डोळ्याला सुरेख मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला असतो, आणि पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर तो इमानाने वाचून दाखवतो. अशा वेळी कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर फोन धरून पडद्याचा फोटो वाचणं जास्त बरं पडतं. कॉम्प्युटरमधला मजकूर कॉम्प्युटरला वाचता येत नाही म्हणून दुसरं यंत्र त्याच्या तोंडाकडे बघून वाचतं. आमच्या धंद्याने या फॉन्टांवर पोट भरलं आहे, त्यामुळे मी याबद्दल फार मोठ्याने बोलत नाही.

आता मूळ मुद्दा, शंकेचा. टेसरॅक्टचा जन्म १९८५ च्या सुमाराला एचपीच्या प्रयोगशाळेत झाला आणि २००५ साली ते सगळ्यांसाठी खुलं झालं. ते प्रत्येक शब्दाबरोबर एक आकडाही देतं, शून्य ते शंभर: या शब्दाबद्दल मला एवढी खात्री आहे. मागितला की मिळतो. म्हणजे यंत्राला शंका येते. ती नोंदलेलीही असते. चष्मा बनवणारा मात्र शब्द घेतो, आकडा टाकून देतो, आणि नव्वदच्या खात्रीचा शब्द व तिशीतला शब्द एकाच सुरात बोलायला लावतो. मी मुद्रितात शंका आली की समासात प्रश्नचिन्ह टाकतो आणि पान लेखकाकडे पाठवतो. या यंत्राने समासच कापून टाकला आहे.

समजा प्रकल्पाच्या अहवालात लिहिलंय, अचूकता ९८ टक्के. दीड हजार अक्षरांच्या पानात तीस चुका. त्या तीस कुठे आहेत? वर्णनात विखुरल्या असतील तर कान त्या दुरुस्त करून घेतो. ‘०.५’ मधलं टिंब त्या तिसांत असेल तर डोस दहापट झाला. टक्केवारीला दोन्ही चुका सारख्याच.

म्हणून अडखळणं. संशयाच्या शब्दाआधी एक बारीक टिक्. आकडा आला की एकेक अंक सुटा, टिंबासकट. पट्टीवरचं नाव अर्धंच असेल तर ‘जी, एल, आय, पुढे फाटलंय’. एक उंचवट्याचं बटण, दाबलं की मागचा शब्द अक्षर-अक्षर फोडून. बटण खरंखुरं हवं, काचेवर रंगवलेलं नको. कोरड्या पडलेल्या बोटांना काच दाद देत नाही.

यावर मला मिळणारं उत्तर ठाऊक आहे. सारखं टिक्-टिक् करणारं यंत्र कोण वापरेल? सरावलेले अंध वाचक स्क्रीन रीडर इतक्या वेगाने ऐकतात की आपल्याला शब्द सुटा लागत नाही. त्यांना अडथळा नकोच असतो. हे खरं आहे. मामांनी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून (१८९३ सालची संस्था, मामांचं सभासदत्व त्यांच्या लग्नाआधीचं) आणलेली कादंबरी फोन त्यांना वाचून दाखवतो, तेव्हा पानाला चार चुका झाल्या तरी ते रमलेले असतात. कादंबरीत यंत्राने खुशाल अंदाज बांधावा. पण कादंबरी वाचणं आणि औषधाची पट्टी वाचणं ही दोन वेगळी वाचनं आहेत, आणि आपण डोळस माणसंही ती वेगळीच वाचतो. कुठे अडखळायचं हे वाचकाने ठरवावं, आणि मूळ मांडणी अडखळण्याची असावी. ज्याला नको तो बंद करील.

दुसरं उत्तर: आता सगळं फोनमध्ये आहे, वेगळं यंत्र हवंच कशाला? किमतीच्या बाबतीत मला ते पटतं. चष्म्याला लावायच्या परदेशी यंत्रांची किंमत लाखांत जाते आणि फोन तर घरात असतोच. पण एका हातात पांढरी काठी, दुसऱ्या हातात फोन, मग कागद कोणत्या हातात? तिसरा हात लागतो, आणि तो शोधणं हेच आरेखनाचं काम आहे. मामांचा तिसरा हात म्हणजे बुटांचं खोकं. नातवाने वरच्या बाजूला खिडकी कापलीय, तिच्यावर फोन आडवा बसतो. तळाच्या डाव्या कोपऱ्यात सुतळी चिकटवलीय, कागद सुतळीला टेकवला की जागेवर बसला. पट्टीच्या चकचकीत कागदावर उजेडाचा डाग पडतो म्हणून एका कुशीला भोक, तिथे टॉर्च. प्रदर्शनातल्या चष्म्यापेक्षा हे खोकं जास्त वाचतं. घराबाहेर मात्र ते चालत नाही, आणि घराबाहेरच चष्मा किंवा गळ्यातला कॅमेरा कामाचा. तिथे कान बंद करणारा इअरफोन चालणार नाही; ठाणे स्टेशनच्या पुलावर अंध माणसाचे कान हेच डोळे. कानाची वाट मोकळी ठेवून हाडातून आवाज पोचवणारी उपकरणं मिळतात, तीच जोडायला हवीत.

आणि बँकेचं पत्र वाचायला त्याचा फोटो कुठल्या देशातल्या सर्व्हरवर जातो, हेही मामा विचारतात. कॅशिअर ते शेवटी कॅशिअरच. रिझर्व्ह बँकेचं नोटा ओळखणारं ‘मनी’ ॲप त्यांना आवडतं. २०२० च्या जानेवारीत आलेलं हे ॲप इंटरनेटशिवाय चालतं, एकच काम करतं, आणि नोट नीट दिसली नाही तर पुन्हा दाखवा म्हणतं. अंदाजाने पाचशेची नोट ठोकून देत नाही.

या यंत्रांचा जुना इतिहास बघितला तर गंमत वाटते. १९१३ च्या सुमारास बर्मिंगहॅममध्ये फुर्निये दाल्ब यांनी ऑप्टोफोन बनवला: अक्षराच्या आकारानुसार वेगवेगळे सूर वाजायचे आणि ऐकणाऱ्याने त्या सुरांतून अक्षर ओळखायचं. मेरी जेमिसन या अंध बाईंनी १९१८ साली त्याचं प्रात्यक्षिक केलं तेव्हा वेग होता मिनिटाला साधारण एक शब्द. पुढे सरावाने त्या साठपर्यंत पोचल्या. मग स्टॅनफर्डच्या जॉन लिनविल यांनी आपल्या अंध मुलीसाठी ऑप्टाकॉन केलं. एका हाताने बारीक कॅमेरा ओळीवरून फिरवायचा, दुसऱ्या हाताच्या बोटाखाली १४४ थरथरत्या टाचण्या, त्यांतून छापील अक्षराचा आकार जसाच्या तसा उमटायचा. १९७१ पासून ते विकलं गेलं, १९९६ ला बंद पडलं. संथ, महाग, शिकायला अवघड. पण या दोन्हींत वाचणारा माणूस होता. अक्षर फाटकं असेल तर बोटाला फाटकंच लागायचं.

१९७६ साली रे कर्झवाइल यांचं कपडे धुण्याच्या मशीनएवढं यंत्र आलं आणि पहिल्यांदा यंत्राने स्वतः वाचून माणसाला सांगायला सुरुवात केली. केवढी मोठी सोय! स्टीव्ही वंडरने पहिल्यापैकी एक विकत घेतलं. तीस वर्षांनी, २००६ मध्ये, तेच काम हातात मावायला लागलं. मी ऑप्टाकॉनकडे परत चला असं म्हणत नाही. मामांची बोटं तर त्या टाचण्या ओळखणारही नाहीत. पण त्या अदलाबदलीत वाचकाच्या हातातून एक गोष्ट गेली, फाटकं ते फाटकं म्हणून कळण्याची, आणि गोड बोलणाऱ्या एआयने ती पार पुसून टाकली. ती परत मागणं म्हणजे प्रगतीला विरोध आहे असं मला कुणी सांगू नये.

मागायची कुणाकडे? कायदा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं ४२ वं कलम माहिती आणि संपर्क साधनं सुगम असावीत असं सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ ला डिजिटल सुविधांपर्यंत पोचण्याचा हक्क थेट घटनेच्या २१ व्या कलमाशी जोडला. पण कायद्याने यंत्र चांगलं होत नाही. ते होतं खरेदीच्या वेळी. महापालिकांना दिव्यांग कल्याणासाठी पाच टक्के निधी राखून ठेवावा लागतो, केंद्राची साहाय्यक साधनांची एडिप योजना तर १९८१ पासून आहे. या पैशांतून यंत्र घ्यायचं असेल तर निविदेत किती मेगापिक्सेल आणि किती भाषा हे विचारून भागणार नाही. ठाण्याच्या किंवा बेलापूरच्या पालिका मुख्यालयात दहा अंध माणसं बसवा, त्यांतली निम्मी साठीपुढची. त्यांच्याच घरातले कागद आणायला सांगा: वीजबिल, कापलेली गोळ्यांची पट्टी, सोसायटीची पाणीकपातीची नोटीस, रक्ताचा रिपोर्ट, लग्नाची पत्रिका तिच्या सोनेरी वेलबुट्टीसकट. कंपनीचा माणूस खोलीबाहेर. किती वाचलं याचे गुण द्याच, पण चुकीचं वाचून ठामपणे सांगितलं त्याचे गुण कापा, आणि ‘हे मला दिसत नाही’ म्हटलं त्याचे कापू नका. माझा अंदाज असा की कागदावर पहिली येणारी यंत्रं या खोलीत शेवटून पहिली येतील.

महाविद्यालयांतही हाच नियम लावायला काय हरकत आहे? प्रात्यक्षिकाच्या वेळी विद्यार्थ्यांनी हात मागे बांधून उभं राहायचं. एवढंच.

परवाच्या रविवारी मी मामांना वाण्याची हातची पावती वाचून दाखवत होतो. तूरडाळ, गूळ, साबण आणि खाली बेरीज. बेरजेशी थांबलो.

“काय झालं?”

“शाई पसरलीय, मामा. तीनशे वीस असेल किंवा आठशे वीस.”

“वरची रक्कम मिळवून बघ.”

मिळवून बघितली. तीनशे वीस होते.

“मग आता वाच पुढे,” मामा म्हणाले.